निरोपाचा पहिला नंबर

एका इंग्रजी क्रियापदापायी माझं डोकं अजूनही तापतं, आणि या वयात डोकं तापणं रक्तदाबाला बरं नाही असं मुलगा सांगतो. परवा नातीच्या शाळेतून त्याच्या मोबाइलवर निरोप आला की शनिवारी धावण्याची शर्यत आहे, सगळी मुलं ‘कंपीट’ करतील आणि सगळ्यांना पदक मिळेल. शनिवारी नात खरोखरच गळ्यात पदक घालून घरी आली. कितवी आलीस म्हणून विचारलं तर म्हणाली, “आजी, सगळे फर्स्ट आले.” मी तिच्या हातावर दाण्याचा लाडू ठेवला, आणि संध्याकाळी मुलगा सेक्टर फाइव्हमधल्या ऑफिसातून दमूनभागून आला तेव्हा त्याला चहाबरोबर सगळं ऐकवलं. लहान आहेत गं ती, तो म्हणाला. लहान आहेत म्हणून त्यांना काहीही खपवावं असं मोठ्यांना वाटतं, हेच तर माझं म्हणणं आहे. माझं या शब्दाशी काय वाकडं आहे ते त्याला ठाऊक नाही. कोणालाच ठाऊक नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

आम्ही तेव्हा कलकत्त्यात गार्डन रीचला राहायचो. रेल्वेच्या वसाहतीत नव्हे, तिच्या कुंपणाबाहेर, एका बंगाली कुटुंबाच्या घरातल्या वरच्या दोन खोल्यांत. वसाहतीत आंब्याची झाडं, मोठाले व्हरांडे आणि मराठी साहेबलोक होते. आमच्याकडे जिना होता, आणि त्या जिन्यावरून खालच्या बोउदींच्या, म्हणजे घरमालकीण वहिनींच्या, मोहरीच्या तेलाचा वास दिवसातून दोनदा वर यायचा. सकाळी जहाजाच्या कारखान्याचा भोंगा झाला की आई कूट करायला बसायची. तो भोंगा, खलबत्त्याचा ठोका आणि नदीवरून येणारा लाँचचा आवाज या तिन्हींची माझ्या कानात अशी सरमिसळ झाली आहे की आजही कुठे दाणे कुटताना ऐकले तर मला पाणी जवळ असल्यासारखं वाटतं. बाबा एका खाजगी कंपनीत नकाशे काढायचे. त्यांच्या नोकरीत बदली नव्हती. तिथल्या मराठी मंडळातल्या लोकांना याचं नवल वाटायचं, कारण बाकी सगळे रेल्वे, बँक, नाही तर केंद्र सरकारचे, तीन वर्षांत बिऱ्हाड उचलणारे. “तुमचं बरं आहे हो जोगळेकर,” असं ते म्हणायचे, आणि ते म्हणताना आपण जाणार आणि हे इथेच राहणार याचा एक सूक्ष्म आनंद त्यांच्या आवाजात असायचा. मी तेव्हाही तो ओळखायचे.

आईचं मराठीवर फार लक्ष. सांगलीहून मावशी गोडा मसाला पाठवायची, तो जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला असायचा. मसाला डब्यात जायचा आणि कागद इस्त्री केल्यासारखा हाताने सरळ करून माझ्यासमोर. मसाल्याच्या वासाची ती बातमी मी मोठ्याने वाचायची, आणि ‘ळ’चा ‘ल’ झाला की पुन्हा पहिल्यापासून. शाळेत इंग्रजी, गल्लीत बंगाली, दुकानात हिंदी, पण जिन्याची शेवटची पायरी चढून आत आलं की फक्त मराठी, असा नियम होता. खालच्या बोउदी म्हणायच्या की तुमच्या घरातून भांडणाचा आवाज येतो. ते भांडण नव्हतं, माझं वाचन होतं.

तर मंडळ. नाव लिहीत नाही, कारण त्यातली बरीचशी माणसं आता नाहीत आणि जी आहेत ती अजून फोन करतात. एका शाळेचा हॉल पाच दिवस घेऊन गणपती बसायचा. गोबिंदोभोग तांदळाची पिठी मोदकाला इतकी छान लागते की आंबेमोहोराची आठवण काढणाऱ्या बायका तिसऱ्या मोदकानंतर गप्प व्हायच्या. आणि स्पर्धा असायच्या. रांगोळी, पाककृती, पाठांतर, वेशभूषा, आणि सगळ्यांत मानाची म्हणजे मुलांची वक्तृत्वाची. आम्ही मराठी माणसं चार घरं जमली की स्पर्धा ठेवतो, आणि ठेवली की मुलांना बजावतो की नंबर महत्त्वाचा नाही, भाग घेणं महत्त्वाचं. मग नंबर काढता कशाला हे मी विचारलं होतं, आणि त्याबद्दल मला उर्मट म्हटलं गेलं होतं. वक्तृत्वात मी सलग चार वर्षं दुसरी आले. दुसऱ्या नंबरला कंपासपेटी मिळायची. माझ्याकडे चार कंपासपेट्या होत्या, त्यातल्या तीन उघडल्याही नव्हत्या. दर वर्षी पहिली येणारी व्यक्ती वेगळी असायची आणि पुढच्या वर्षी ती दिसायची नाही. बिऱ्हाड हललेलं असायचं. यातलं गणित माझ्या डोक्यात शिरलं नाही याची मला आज लाज वाटते, कारण गणितात मी बरी होते.

पाचव्या वर्षी, मी आठवीत असताना, मंडळाने जाहीर केलं की या वेळी वक्तृत्वात जो पहिला येईल त्याला नागपूरला पाठवणार. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलांची तिथे मोठी स्पर्धा होती. इंदूर, बडोदा, हैदराबाद, दिल्ली, सगळीकडची मुलं येणार होती. मी महाराष्ट्र दोनदाच पाहिला होता, दोन्ही वेळा उन्हाळ्यात, आणि एकदा गोवरामुळे, एकदा कांजिण्यांमुळे निम्मा अंथरुणातून. कलकत्त्यात मला मराठी उत्तम येतं असं सगळे म्हणायचे, पण इथे उत्तम म्हणजे कोणाच्या तुलनेत, हे मला कळायचं नाही. नागपूरला गेले की कळणार होतं. मला नागपूर हवं होतं. इतकी कुठलीच गोष्ट मला आधी हवीशी झाली नव्हती आणि नंतरही क्वचितच झाली.

आणि त्याच महिन्यात शाळेत बागची मिसनी ते क्रियापद दिलं. बागची मिस आम्हाला इंग्रजी शिकवायच्या, ताठ पाठीच्या, पांढऱ्या सुती साडीतल्या, कोणावरही न ओरडणाऱ्या. दर सोमवारी त्या फळ्यावर एक क्रियापद लिहायच्या आणि त्याचं वाक्य आपल्या घरातलं हवं, पुस्तकातलं नको, असा दंडक होता. त्या सोमवारी ‘कंपीट’ होतं. माझ्या शेजारच्या शर्मिष्ठाने लिहिलं की माझे दोन काका रुई माशाच्या डोक्यासाठी कंपीट करतात, आणि मिसना ते फार आवडलं, त्यांनी ते वाचून दाखवलं. मी लिहिलं होतं, मी दर वर्षी कंपीट करते. मिसनी त्याखाली लाल शाईने दोन प्रश्न लिहिले. कोणाशी? कशासाठी? मग वर्गाला सांगितलं की हे क्रियापद एकटं राहत नाही, त्याला बरोबर कोणी तरी लागतं आणि पुढे काही तरी लागतं. काका आहेत, डोकं आहे, म्हणून वाक्य उभं राहतं. आणि तिसरी गोष्ट लागते ती वाक्यात दिसत नाही, त्या म्हणाल्या. निकाल कोणालाही माहीत नसावा लागतो. तीन मुली धावल्या आणि पहिली कोण येणार हे आधीच ठरलेलं असेल तर त्या नुसत्या धावल्या, कंपीट केलं नाही. मी ते सगळं वहीत उतरवून घेतलं आणि खाली नवं वाक्य लिहिलं की मी मीनल सबनीसशी नागपूरसाठी कंपीट करते. मिसनी बरोबरची खूण केली.

मीनल सबनीस माझ्याच वयाची, रेल्वेतल्या सबनीससाहेबांची मुलगी. कलकत्त्याच्या आधी बिलासपूर, त्याआधी कुठे कुठे. तिचं मराठी म्हणजे हिंदीला मराठी प्रत्यय लावलेले. ‘मी जेवण खाऊन घेतली’ असं ती सहज म्हणायची. सबनीसकाकूंनी आईला विचारलं की मीनलला वक्तृत्वासाठी जरा तयार कराल का, आणि आईने मला न विचारता होकार दिला. दोन महिने ती मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्या जिन्यावरून धापा टाकत वर यायची. आई तिला मसाल्याच्या कागदावरच्या बातम्या वाचायला लावायची, माझ्या बातम्या, आणि ती चुकली तरी तिला पहिल्यापासून म्हणायला लावायची नाही. पोहे द्यायची. इकडचे पोहे, बंगालीत चिडे, जाड असतात, ते भिजवायची आईची एक खास रीत होती, आणि ते पोहे एरवी रविवारीच व्हायचे. मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून माझं भाषण पाठ करत बसायचे. विषय दोघींना एकच होता, ‘माझं घर’. मी सांगलीचं घर घेतलं होतं. कृष्णेचा घाट, मागच्या दारचा आड, चुलीवरची वांगी. आईने एकेक वाक्य सांगितलं, मी ते घोटलं. मीनल काय म्हणणार आहे ते मी ऐकलं नाही. ऐकायची गरज वाटली नाही.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मी रिबिनीचा जोड शोधत आईचं कपाट उघडलं. आईच्या साड्यांखाली एक मोठं पाकीट होतं. मंडळाची प्रमाणपत्रं एस्प्लनेडजवळच्या एका छापखान्यात छापून यायची आणि त्यावरची नावं आई लिहायची, टाकाने, निळ्याकाळ्या शाईत. तिचं अक्षर म्हणजे मंडळाची शान होती, लग्नाच्या पत्रिकांचे पत्तेसुद्धा लोक तिच्याकडून लिहून घ्यायचे. ती हे काम गणपतीत करते हे मला माहीत होतं. केव्हा करते हे मी कधी मनात आणलं नव्हतं. पाकिटात वक्तृत्वाची तीन प्रमाणपत्रं होती. कुमारी मीनल सबनीस, प्रथम. कुमारी वसुधा जोगळेकर, द्वितीय. शाई वाळलेली होती. माझ्या नावातला ‘ध’ इतका सुंदर काढला होता की क्षणभर मी तोच पाहत राहिले.

मी काय केलं? रिबीन बांधली. बाबांबरोबर बसने हॉलवर गेले. आई मोदकांचे डबे आणि ते पाकीट घेऊन आधीच गेली होती. रस्ताभर मी एकच गोष्ट ठरवत होते, की असं बोलायचं की त्यांना ते कागद फाडावे लागतील. मुलांना असंच वाटतं, की खूप चांगलं केलं तर मोठ्यांना लाज वाटेल. माझा नंबर आधी होता. मी बोलले. घसा भरून आला होता तो रागाने, पण लोकांना वाटलं घराच्या आठवणीने, आणि पहिल्या रांगेतल्या दोन काकू पदराने डोळे टिपायला लागल्या. टाळ्या फार वेळ पडल्या. मग मी खाली उतरून थेट बाहेर गेले आणि शाळेच्या नळापाशी तोंड धूत उभी राहिले. आतून मीनलचा आवाज येत होता, शब्द ऐकू येत नव्हते. मी नळ चालूच ठेवला.

परीक्षक त्या वर्षी नवीन होते, भागवत सर, पुण्याहून वर्षभरासाठी कुठल्याशा संस्थेत आलेले. त्यांनी गुणांचा कागद घडी करून आमच्या सेक्रेटरींना, देवधरकाकांना दिला. देवधरकाकांनी ती घडी न उलगडता सदऱ्याच्या खिशात ठेवली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग पाकीट उघडलं आणि निकाल वाचला. तिसरा नंबर, दुसरा नंबर, पहिला नंबर. आम्हा तिघांना वर बोलावलं. माझ्या हातात कंपासपेटी आणि प्रमाणपत्र आलं. पुढचं मी ठरवलं नव्हतं. माइक माझ्या तोंडापासून हातभरावर होता, एवढंच.

“हे काल लिहिलंय,” मी म्हणाले. “मी बोलायच्या आधी लिहिलंय. आमच्या घरी कपाटात होतं.”

हॉलमध्ये शंभरेक माणसं असतील. देवधरकाका हसले आणि मुलांच्या मनात काहीतरी येतं असं म्हणून त्यांनी माइक बाजूला घेतला. पण लोक देवधरकाकांकडे बघतच नव्हते. ते माझ्या आईकडे बघत होते. ते अक्षर कोणाचं हे हॉलमधल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं. आई मोदकांच्या टेबलापाशी उभी होती, हातात झारा होता, आणि ती खाली बघून ताटातले मोदक सारखे करायला लागली, जे सारखेच होते. मीनल माझ्या शेजारी होती. तिने आपल्या प्रमाणपत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग ते प्रमाणपत्र टेबलावर उपडं ठेवलं आणि पायऱ्या उतरून गेली. सबनीसकाकू तिच्या मागे गेल्या. जाताना त्यांनी आईकडे पाहिलं ते मी अजून विसरले नाही.

घरी आल्यावर मी आईला विचारलं. ओरडून विचारलं, खालच्या बोउदींना या वेळी भांडण वाटलं असेल तर ते बरोबर होतं. आईने सांगितलं ते असं. मंडळात फार आधीपासून रीत होती. ज्या घरी बदलीची ऑर्डर आली असेल त्या घरातल्या मुलाला त्या वर्षी पहिला नंबर द्यायचा. आदल्या दिवशी देवधरकाका चिठ्ठी पाठवायचे, आई नावं लिहायची. सबनीसांना सिकंदराबादची ऑर्डर आली होती, पंधरा दिवसांत निघायचं होतं. “त्या पोरी तीन वर्षांत कुठे रुजतात न रुजतात तोच उपटतात त्यांना,” आई म्हणाली. “नवी शाळा, नवी भाषा. इथून जाताना हातात काहीतरी चांगलं असावं. तुझं काय, आपण इथेच आहोत. तुला दर वर्षी आहे.”

“दर वर्षी मी दुसरी आहे,” मी म्हणाले.

आई निर्दय बाई नव्हती, उलट तिच्या दयेलाच मी चार वर्षं बळी पडले होते, आणि ही गोष्ट मला अजून झोंबते. दया करायची तर स्वतःच्या पदरचं काही द्यावं. या सगळ्या भल्या माणसांनी माझ्या पदरचं काढून दिलं, आणि देताना मला विचारलं नाही. वर जिला दिलं तिलाही सांगितलं नाही. जो कायम इथे राहणार त्याला थांबवून ठेवलं तर चालतं, तो कुठे जातोय, हा विचार मी पुढे नोकरीत पाहिला, सासरी पाहिला, आणि प्रत्येक वेळी मला त्या निळ्याकाळ्या शाईची आठवण झाली. बाबांना ही रीत माहीत होती की नाही हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. ते मंडळाचा पडदा रंगवायचे, बैठकांना जायचे नाहीत.

चौथ्या दिवशी देवधरकाका आमच्याकडे आले. बसले, चहा घेतला, उकाड्याबद्दल बोलले. सबनीसांनी कळवलं होतं की आमची मुलगी नागपूरला जाणार नाही. तेव्हा वसूला पाठवू, देवधरकाका म्हणाले, झालं गेलं विसरून जाऊ, पोरगी बोलली छानच. हे सांगताना ते माझ्याकडे न बघता बाबांकडे बघत होते. मला नागपूर मिळालं होतं. आणि ते मला आमच्याच बैठकीच्या खोलीत, चहाच्या कपावर मिळत होतं, याची चीड यायच्या आधी मला आनंद झाला, हे कबूल करते. बाबा म्हणाले, “गुणांचा कागद कुठे आहे?” देवधरकाकांना तो आठवेना, धोब्याकडे गेला असेल म्हणाले. मग मी उद्या वसूला घेऊन भागवत सरांकडे जातो आणि विचारतो, बाबा म्हणाले. तिला जायचं तर तिच्या गुणांवर जाऊ दे. मला त्या क्षणी बाबांचा इतका अभिमान वाटला की मी उठून त्यांचा कप आत नेला.

भागवत सर एका पाहुण्यांच्या बंगल्यात राहत होते. त्यांच्याकडे गुणांची कच्ची यादी होती, प्रत्येक मुलापुढे दोनतीन ओळी लिहिलेल्या. माझं ते माइकवरचं बोलणं त्यांना कळलंच नव्हतं, त्यांना वाटलं होतं मुलीला राग आला. “तिसरा मी दुसऱ्या मुलाला दिला होता,” ते म्हणाले, “पण पहिले दोन त्यांनी मी दिले तेच वाचले.” बाबांनी कागद हातात घेतला. मीनल सबनीस, पन्नासपैकी बेचाळीस. वसुधा जोगळेकर, एकोणचाळीस.

मी म्हणाले, तिला मराठी येत नाही. सर म्हणाले, चुका होत्या, त्याचे गुण कापलेत. मग त्यांनी मला मीनलचं भाषण सांगितलं, जे मी नळ सोडून बुडवलं होतं. ती म्हणाली होती की माझं घर म्हणजे अकरा ट्रंका. प्रत्येक ट्रंकेवर बाबांचं नाव आणि आधीच्या गावाचं नाव रंगवलेलं, ते खोडून त्याच्यावर नवीन गाव. नव्या घरात पहिल्या दिवशी आम्ही ट्रंकांवर बसून जेवतो, तेव्हा मी माझ्या ट्रंकेवरची खोडलेली गावं बोटाने वाचते. तिला शब्द सापडत नव्हते तिथे ती थांबली आणि हातांनी ट्रंकेचा आकार दाखवला. “तुझी भाषा तिच्यापेक्षा फारच चांगली आहे,” सर मला म्हणाले. “पण ते घर तुझं नव्हतं. ते तुझ्या आईचं होतं ना?”

मी मान हलवली. परतीच्या बसमध्ये बाबांनी एकदाच विचारलं की आता काय करायचं, आणि मी म्हटलं की मी नागपूरला जाणार नाही. ते हं म्हणाले. कलकत्त्याहून त्या वर्षी कोणीच गेलं नाही. पुढच्या वर्षी मंडळाने नंबर काढणंच बंद केलं. आधी निकाल ठरवायचा नाही, एवढं त्यांना जमलं असतं, पण त्यांनी सगळ्यांना एकसारखी स्टीलची वाटी देण्याचं ठरवलं आणि त्याला सुधारणा म्हटलं. आईला प्रमाणपत्रं लिहायला पुन्हा कोणी सांगितलं नाही. चिठ्ठी पाठवणारे देवधरकाका पुढे सहा वर्षं सेक्रेटरी होते. माझ्या त्या एका वाक्याने शिक्षा झाली ती फक्त आईला, आणि मीनलला.

सबनीस त्याच पंधरवड्यात सिकंदराबादला गेले. मी मीनलला पत्र लिहिलं. चार वेळा लिहिलं आणि फाडलं. शेवटी सगळं खरं लिहिलं. की कागद आधी लिहिलेला होता हे खरं, पण सरांनी नंतर स्वतः गुण दिले ते वेगळे, आणि त्यात तू पहिली आहेस. तुला बेचाळीस आहेत, मला एकोणचाळीस. सर काय म्हणाले, ट्रंकांबद्दल काय म्हणाले, तेही लिहिलं. तू खरोखर पहिली आलीस, असं शेवटी लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. सरांनाच दोन ओळी लिहायला सांगायला हवं होतं, पण हे मला सुचलं तेव्हा ते पुण्याला परतले होते.

महिन्याने तिचं अंतर्देशीय पत्र आलं. आईने शिकवलेलं मराठी, एकही चूक नाही. नवी शाळा ठीक आहे, तेलुगू अवघड आहे, ट्रंका अजून उघडल्या नाहीत. मग खाली लिहिलं होतं, “वसू, तू खूप चांगली आहेस. मला वाईट वाटू नये म्हणून तू एवढं सगळं लिहिलंस. काकूपण अशाच आहेत. गुणांचे आकडेसुद्धा किती खरे वाटतात.”